मूठ, कड, तळवा

पुढे वाचण्याआधी एक छोटं काम करा. उजवा हात समोरच्या बेंचवर ठेवा. आधी मूठ करून टेकवा. मग हात उभा करा, म्हणजे करंगळीकडची कड बेंचवर येईल. मग तळवा उपडा. मूठ, कड, तळवा. मूठ, कड, तळवा. दहा वेळा करा, जरा वेगात. शेजारचा हसला तर हसू दे, त्यालाही करायला लावा.

जमलं ना? दोन-तीनदा अडखळलं तरी चौथ्या-पाचव्या वेळेपासून हात आपोआप चालू लागतो. माझ्या काकांना हे जमलं नाही. डॉक्टरांनी त्यांना तीनदा करून दाखवलं. काकांनी तोंडाने अगदी बरोबर म्हटलं, मूठ, कड, तळवा. हात मात्र मूठ, मूठ, मूठ असाच आपटत राहिला. मी बाजूच्या स्टुलावर बसलो होतो आणि खरं सांगतो, मला आधी वाटलं की काका चेष्टा करताहेत.

मॅगझीनसाठी लेख दे म्हणून मागे लागलेल्या आमच्या संपादक मित्राला मी रोबोटिक्सवर लिहून देणार होतो. पण ही चाचणी ज्याच्या नावाने ओळखली जाते त्या माणसाबद्दलच लिहावं असं ठरवलं. अलेक्झांडर रोमानोविच लुरिया. जन्म १६ जुलै १९०२, मृत्यू १४ ऑगस्ट १९७७. मेंदूला इजा झाल्यावर माणसाचं लक्ष, भाषा, ठरवणं आणि ठरवलेलं पार पाडणं कसं बिघडतं, याचा अभ्यास त्याने आयुष्यभर केला. मेडिकलवाल्यांना त्याचं नाव माहीत असतं, सायकॉलॉजीवाल्यांना पाठच असतं. आपल्याकडे कुणाला विचारलं तर नवीन मोबाईल कंपनी का, असं विचारतील. (आमच्या विंगमध्ये एकाने खरंच विचारलं!)

आधी काकांचं थोडक्यात सांगतो. बापूकाका एमआयडीसीत टर्नर होते. लेथवर जॉब लावला की दोन शतांश मिलिमीटरचा फरक त्यांना हातानेच कळायचा, मायक्रोमीटर नंतर फक्त खात्रीपुरता. मी मेकॅनिकलला आलो तो त्यांच्यामुळे. दोन वर्षांपूर्वी नाईट शिफ्ट करून येताना बाईक घसरली. डोक्यावर हेल्मेट नव्हतं, ते हँडलला अडकवलेलं होतं. कपाळ रस्त्यावर आपटलं. ऑपरेशन झालं, महिन्याभरात घरी आले. चालणं ठीक, बोलणं ठीक, जुनी सगळी आठवण ठीक. आम्ही पेढे वाटले.

पण मग सुरू झालं ते वेगळंच. आंघोळीला गेले की नळ चालू करून बादलीकडे बघत उभे राहायचे. दूध आणायला पाठवलं तर वाटेत कुणी भेटलं की त्याच्याबरोबर तो जाईल तिकडे जायचे आणि पिशवी रिकामीच घेऊन परत यायचे. मोटार बंद करा म्हटलं की हो म्हणायचे, पुन्हा विचारलं तर मोटार बंद करायची आहे हे बरोबर सांगायचे आणि बसून राहायचे. टाकी वाहतेय, आवाज येतोय, काका शांत. कंपनीने आधी पॅकिंगला घेतलं, मग घरीच थांबा म्हणाले. घरात एकेक शब्द निघायला लागले. आळशी झाला, कामचुकार झाला, आयतं खायची सवय लागली. मीही एकदा सुट्टीत घरी असताना त्यांच्यावर ओरडलो. ऐकून घेतात आणि करत मात्र नाहीत, म्हणजे मुद्दाम करतात, असा माझा हिशोब होता. काका माझ्याकडे बघून फक्त हसले.

त्यानंतर काही महिन्यांनी पुण्यात फूटपाथवर जुना इरोडॉव्ह शोधत होतो. इरोडॉव्ह मिळाला नाही, पण त्याच ढिगात कव्हर फाटलेलं लुरियाचं एक पुस्तक हाती लागलं. तिथेच उभ्याउभ्या चाळताना एक पान वाचलं आणि अंगावर काटा आला. त्या पानावर आमचे बापूकाका होते. फक्त रशियात.

तर आता मूळ गोष्ट.

लुरिया जन्मला कझान शहरात, व्होल्गा नदीच्या काठी. घराणं ज्यू. वडील नामांकित डॉक्टर, आई दंतवैद्य. झारच्या काळात ज्यू मुलांना विद्यापीठात मोजक्याच जागा असायच्या. १९१७ ची क्रांती झाली आणि ती दारं एकदम उघडली. लुरिया सोळाव्या वर्षी कझान विद्यापीठात शिरला आणि १९२१ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला. क्रांतीनंतरचा सगळा गोंधळच होता. प्राध्यापकांना काय शिकवायचं हे कळत नव्हतं, त्यामुळे मुलं आपापलीच शिकत होती. वडिलांची इच्छा मुलाने डॉक्टर व्हावं अशी. (कझान असो नाहीतर कराड, वडील सगळीकडे सारखेच.) याने मेडिकलला नाव घातलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

विशीतच त्याने कझानमध्ये मनोविश्लेषणाचं मंडळ काढलं आणि थेट फ्रॉइडला पत्र लिहिलं. फ्रॉइडचं उत्तरही आलं. ओतकाम करणाऱ्या कामगारांचा थकवा मोजायला त्याने एक जुना क्रोनोस्कोप वापरला. स्वतःचं जर्नल काढायचं तर कागद मिळेना, म्हणून साबणाच्या कारखान्यातून पिवळा कागद आणून त्यावर ते छापलं. आपण स्पॉन्सर मिळत नाहीत म्हणून रडतो!

१९२३ मध्ये त्याला मॉस्कोच्या मानसशास्त्र संस्थेत बोलावणं आलं. तिथे त्याने जे केलं ते कुठल्याही इन्स्ट्रुमेंटेशनवाल्याला आवडेल. मनातली खळबळ थेट दिसत नाही, मग ती मोजायची कशी? त्याने माणसाला एकेक शब्द ऐकवला. मनात येईल तो शब्द बोलायचा आणि त्याच क्षणी हातातला रबरी फुगा दाबायचा. साध्या शब्दाला दाब सरळ, स्वच्छ येतो. शब्द मनातल्या दुखऱ्या जागेवर पडला की हात थरथरतो आणि नोंदीची रेघ वेडीवाकडी होते. हा प्रयोग त्याने कॉलेजातून काढून टाकलं जाण्याच्या भीतीत असलेल्या विद्यार्थ्यांवर केला, खुनाच्या प्रकरणातल्या संशयितांवरही केला. खोटं पकडण्याच्या यंत्रांच्या पूर्वजांमध्ये हा प्रयोग मोजतात. यावरचं त्याचं पुस्तक १९३२ मध्ये अमेरिकेत इंग्रजीत आलं, तेव्हा तो तिशीचा होता.

पण त्याच्या आयुष्याला खरं वळण लागलं ते त्याआधी, जानेवारी १९२४ मध्ये. लेनिनग्राडला एक परिषद होती. गोमेल नावाच्या गावातला एक शिक्षक उठला आणि लिहून आणलेलं काही न वाचता असा बोलला की लुरिया बघतच राहिला. हा लेव्ह विगोत्स्की. लुरियाने खटपट करून त्याला मॉस्कोला आणवलं. राहायला जागा नाही, म्हणून विगोत्स्की संस्थेच्या तळघरात राहिला. लुरिया, विगोत्स्की आणि लिओन्तिएव्ह या तिघांचं त्रिकूट जमलं. पुढे जगभर नाव झाल्यावरही लुरिया स्वतःचं काम हे विगोत्स्कीच्याच कामाचा पुढचा भाग आहे असं सांगत राहिला. विगोत्स्की क्षयाने १९३४ मध्ये गेला. वय सदतीस.

त्या काळातला एक प्रयोग इथे सांगितलाच पाहिजे. पार्किन्सनचे काही रुग्ण सपाट जमिनीवर दोन-तीन पावलं टाकली की गोठायचे. पण तेच रुग्ण जिना व्यवस्थित चढायचे. का? कारण जिन्याची प्रत्येक पायरी बाहेरून मिळणारी एक खूण असते. मग यांनी सपाट जमिनीवर ठरावीक अंतराने कागदाचे तुकडे ठेवले आणि प्रत्येक तुकडा ओलांडून जायला सांगितलं. माणूस चालायला लागला! आतली वायर तुटली आहे, पण बाहेरून सिग्नल दिला तर दुसऱ्या वाटेने काम होतं. ही कल्पना लुरियाने शेवटपर्यंत सोडली नाही. मी तर या परिच्छेदाखाली पेनाने दोन रेघा मारल्या आहेत.

१९३१ आणि १९३२ मध्ये तो उझबेकिस्तानात गेला. शाळेत न गेलेले शेतकरी आणि थोडं शिकलेले लोक यांची विचार करायची पद्धत कशी वेगळी असते हे त्याने पाहिलं. निष्कर्ष असा की शिक्षण आणि जगण्याची रीत बदलली की विचाराची रीतही बदलते. पण वरच्या मंडळींना यात अल्पसंख्य लोकांचा अपमान दिसला. गदारोळ झाला. पुस्तक छापून यायला १९७४ साल उजाडावं लागलं. चाळीस वर्षं! आपला पेपर एका कॉन्फरन्सने परत पाठवला तर आपण दोन दिवस जेवत नाही.

पुढचा काळ आणखी वाईट. १९३६ मध्ये सरकारने बालमानसशास्त्राची एक पूर्ण शाखाच बंद करून टाकली, विगोत्स्कीची पुस्तकं बाजूला पडली. लुरिया जुळ्या मुलांवर काम करत होता ती जनुकशास्त्राची संस्था मोडली. तिचे संचालक सोलोमन लेवित यांना अटक झाली आणि १९३८ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. लुरियाने काय केलं असेल? तो पुन्हा मेडिकल कॉलेजात जाऊन बसला. चौतिशीचा प्रोफेसर, परदेशात पुस्तक आलेला, आणि कोवळ्या पोरांबरोबर शरीरशास्त्राच्या परीक्षा! याला शहाणपण म्हणायचं की लपण्याची जागा? मला वाटतं दोन्ही. राजकारणापासून दूर राहायला दवाखान्याइतकी चांगली जागा नाही, आणि वडिलांची इच्छाही एकदाची पूर्ण झाली. १९३७ मध्ये तो डॉक्टर झाला आणि बुर्देन्को यांच्या न्यूरोसर्जरी संस्थेत अगदी ज्युनियर म्हणून रुग्ण तपासू लागला. ही दोन वर्षं आयुष्यातली सर्वांत फलदायी होती असं त्याने नंतर लिहिलं आहे. डोक्यावर संस्थेची जबाबदारी नाही, समोर फक्त रुग्ण.

मग युद्ध आलं. उरल पर्वताच्या दक्षिणेला, चेल्याबिन्स्कजवळ किसेगाच इथे एका आरोग्यधामाचं चारशे खाटांचं रुग्णालय करायची जबाबदारी लुरियावर आली. आघाडीवरून डोक्याला गोळी लागलेली पोरं तिथे येत होती. कुणाला बोलता येत नाही, कुणाला वाचता येत नाही. यंत्रसामग्री जवळजवळ नाहीच. स्कॅन वगैरे तर तेव्हा स्वप्नातही नव्हतं. लुरियाकडे होतं काय? पेन्सिल, कागद, काही चित्रं, आणि रुग्णापाशी तासन्‌तास बसायची तयारी. मूठ-कड-तळवा अशा साध्या चाचण्या या घराण्यातल्या. आजही कोट्यवधींचं एमआरआय मशीन असलेल्या हॉस्पिटलात डॉक्टर ही चाचणी फुकटात करतात.

इथे त्याला भेटला लेव्ह झासेत्स्की. मला या माणसाबद्दल विशेष वाटतं, कारण तो आपल्यातला, पॉलिटेक्निक संस्थेत तांत्रिक शिक्षण घेणारा विद्यार्थी. शिक्षण अर्धवट टाकून सैन्यात गेला. मार्च १९४३ मध्ये स्मोलेन्स्कच्या आघाडीवर गोळी डोक्याच्या डाव्या बाजूला, मागच्या भागात घुसली. वय तेवीस. जागा झाला तेव्हा जगाचे तुकडे झाले होते. प्रत्येक गोष्टीची उजवी बाजू दिसेनाशी झाली. स्वतःचा उजवा पाय कुठे आहे ते कळेना. अक्षरं गेली. एखादं अक्षर शोधायचं तर पूर्ण बाराखडी पहिल्यापासून म्हणत यायचं. हत्ती माशीपेक्षा मोठा की माशी हत्तीपेक्षा मोठी, यात तो तासभर अडकायचा, कारण शब्द कळत, पण त्यांच्यातलं नातं जुळत नसे. वडिलांचा भाऊ आणि भावाचे वडील यातला फरक त्याला लागत नसे. मराठीत आपण पहिल्याला एका शब्दात काका म्हणून मोकळे होतो, त्या बिचाऱ्याला तीही सोय नव्हती.

एक दिवस डॉक्टरांनी त्याला सांगितलं, अक्षरं आठवत बसू नकोस, हात न उचलता एका झटक्यात शब्द लिहून टाक. त्याने लिहिला. आणि बरोबर आला! डोक्यातून अक्षरं गेली होती, पण लहानपणापासून गिरवलेलं वळण हातात शिल्लक होतं. त्यानंतर झासेत्स्की लिहीत सुटला. दिवसभर बसून कधी अर्धं पान. लिहिलेलं स्वतःला धड वाचता येत नाही, काल काय लिहिलं ते आठवत नाही. तरी पंचवीस वर्षांत त्याने सुमारे तीन हजार पानं लिहिली. लुरियाने ती वाचली, जुळवली, मध्ये आपली टिपणं घातली आणि १९७१ मध्ये पुस्तक केलं. पुस्तकाचा नायक रुग्ण, डॉक्टर बाजूला. अशी वैद्यकीय पुस्तकं त्याआधी फारशी नव्हती. असंच दुसरं पुस्तक १९६८ चं, शेरेशेव्हस्की नावाच्या माणसावर, ज्याला काही विसरताच येत नव्हतं. पंधरा वर्षांनी विचारलं तरी आकड्यांचा तक्ता जसाच्या तसा सांगायचा. मात्र साधी गोष्ट वाचताना प्रत्येक शब्दाचं इतकं ठळक चित्र समोर यायचं की अर्थावर लक्षच टिकत नसे. परीक्षेच्या आदल्या रात्री आपण सगळे ज्या वरदानाची मागणी करतो, ते हे! ऑलिव्हर सॅक्स नावाच्या प्रसिद्ध न्यूरॉलॉजिस्टने रुग्णांच्या गोष्टी लिहिण्याची प्रेरणा इथूनच घेतली. १९७३ पासून दोघांचा पत्रव्यवहार होता.

आता मी जे पान फूटपाथवर वाचलं त्याकडे येतो. झासेत्स्कीच्या मेंदूचा मागचा भाग गेला होता, पण कपाळामागचा भाग, म्हणजे फ्रंटल लोब, शाबूत होता. म्हणून त्याला आपलं काय बिघडलं आहे हे कळत होतं आणि तो पंचवीस वर्षं झगडत राहिला. लुरियाने ज्यांचा फ्रंटल लोब गेला असे रुग्णही पाहिले. त्यांचं बाकी सगळं ठीक. बोलतात, ओळखतात, हातपाय चालतात. पण एकाला रंधा दिला आणि फळी तासायला सांगितलं, तर फळी संपली तरी तो तासतच राहिला आणि खालचं बाक तासू लागला. एकाला मेणबत्ती पेटवायला सांगितली, तर पेटवून ती सिगरेटसारखी तोंडात धरली. एकाला वॉर्डातून सिगरेट आणायला पाठवलं, तर समोरून येणाऱ्या रुग्णांच्या घोळक्याबरोबर तो उलटा फिरला. काय आणायचं होतं ते मात्र त्याला आठवत होतं. भिंतीवर बेलचं बटण दिसलं की हात आपोआप तिकडे जायचा, आणि नर्स आली की हिला का बोलावलं हे सांगता यायचं नाही.

दुधाची पिशवी. नळ. मोटार.

लुरियाचं म्हणणं असं की सूचना कळणं आणि त्या सूचनेने स्वतःच्या हाताला धरून ठेवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर काकांचा सेट पॉइंट शाबूत होता, अ‍ॅक्च्युएटरही शाबूत होता, मधला कंट्रोलर गेला होता. जे झालं ते ठरवलेल्याशी जुळतं का हे पडताळणारा फीडबॅकच बंद. सिस्टीम ओपन लूपमध्ये चालू. मग बाहेरून जो सिग्नल मोठा असेल, तो माणसाला ओढून नेतो. समोरून येणारा शेजारी हा मोठा सिग्नल, दूध हा लहान. याला आळस म्हणणं म्हणजे सेन्सर तुटलेल्या बॉयलरला बेजबाबदार म्हणण्यासारखं आहे. आणि मी ते म्हटलं होतं.

लुरियाने संपूर्ण मेंदूची मांडणी तीन विभागांत केली. खालचा, मेंदूच्या देठातला भाग जागं ठेवणारा. ही आपली पॉवर सप्लाय. मागचा भाग बाहेरून येणारी माहिती घेणारा, लावणारा, साठवणारा. पुढचा भाग ठरवणारा, चालवणारा आणि तपासणारा. लक्ष देणं हे यातल्या एकाचं काम नाही, तिन्ही लागतात. म्हणून लक्ष बिघडण्याचे प्रकारही वेगवेगळे. कुणाचं लक्ष पेंगतं, कुणाचं भरकटतं. एकेका जागेला एकेक गुण चिकटवण्याच्या तो विरोधात होता. श्वासाचं उदाहरण तो द्यायचा: एक स्नायू बंद पडला तर दुसरा काम उचलतो, कारण काम ठरलेलं असतं, वाट ठरलेली नसते. ही सगळी मांडणी १९६२ च्या आणि १९७३ च्या त्याच्या ग्रंथांत आहे.

हे सारं सुखाने झालं असं समजू नका. १९५० मध्ये पावलोव्हच्या नावाने शास्त्रज्ञांची झाडाझडती झाली. लुरियाला सर्वांसमोर चुका कबूल कराव्या लागल्या आणि बुर्देन्को संस्थेतली त्याची प्रयोगशाळा गेली. पुन्हा शून्यावर. तो गेला कुठे, तर मतिमंद आणि बहिऱ्या मुलांच्या शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत. आणि तोच जुना रबरी फुगा पुन्हा बाहेर काढला! दिवा लागला की फुगा दाब, असं अगदी लहान मुलाला सांगितलं, तर ते दिवा लागायच्या आधीच दाबतं. थांब म्हटलं तर आणखी जोरात दाबतं. थोडं मोठं झालं की स्वतः मोठ्याने बोलत हाताला आवरायला शिकतं. पाच-सहा वर्षांचं झालं की तेच बोलणं आत जातं, ओठ न हलवता. म्हणजे स्वतःवरचा ताबा हा आधी दुसऱ्याचा शब्द असतो, मग आपला मोठ्याने बोललेला शब्द, आणि शेवटी मनातला. १९५७ मध्ये त्याने लंडनला यावर व्याख्यानं दिली.

लक्ष न टिकणाऱ्या, उतावळ्या मुलांना स्वतःशी बोलत काम करायला शिकवण्याची पद्धत कॅनडात १९७१ च्या सुमारास आली, तिचं मूळ या फुग्यात आहे. आज एडीएचडी म्हणून जे ओळखलं जातं, त्याच्या सिद्धांतांतही लुरियाचं नाव येतं. आणि भारताशी नातं हवं असेल तर तेही आहे. ओडिशात जन्मलेले, पुढे कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात गेलेले जगन्नाथ प्रसाद दास यांनी लुरियाच्या तीन विभागांवरूनच नियोजन आणि लक्ष मोजणारा सिद्धांत उभा केला, आणि त्यावर आधारलेली चाचणी १९९७ मध्ये निघाली.

पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस लुरिया आपल्या न्यूरोसर्जरीच्या प्रयोगशाळेत परत आला आणि शेवटपर्यंत तिथे राहिला. १९७७ मध्ये हृदयविकाराने गेला. आत्मचरित्र इंग्रजीत १९७९ मध्ये आलं. त्यात स्वतःबद्दल फारच कमी आहे, कामाबद्दलच सगळं. बायको-मुलीबद्दल शोधत बसलात तर निराश व्हाल, मी झालो.

आता घरचं. मी डॉक्टर नाही, पुस्तक वाचून उपचार करायची हौसही नाही. म्हणून काकांना घेऊन शहरातल्या न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो, तिथेच ती मूठ-कड-तळव्याची चाचणी झाली. तिथल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट मॅडमना मी कागदाच्या तुकड्यांचं सांगितलं. लुरियाने फ्रंटल लोबच्या रुग्णांनाही असेच कागद दिले होते: गोष्ट सलग सांगता येत नाही, तर आठवेल तो तुकडा वेगळ्या चिठ्ठीवर लिही, मग चिठ्ठ्या क्रमाने लाव. मॅडम म्हणाल्या, घरी करून बघा, पण एका वेळी एकच काम घ्या आणि चिठ्ठी काम होईल तिथेच लावा.

आम्ही आंघोळीपासून सुरुवात केली. बाथरूमच्या दारावर सहा चिठ्ठ्या. नळ चालू. बादली भरली का बघ. नळ बंद. असं पुढे. प्रत्येक काम झालं की चिठ्ठी काढून डब्यात टाकायची, आणि टाकताना मोठ्याने वाचायची. पहिले पंधरा दिवस काही नाही. काकू वैतागली, म्हणाली माणूस बरा होता, शाळेतलं पोर करून टाकलंत. आजीने चिठ्ठ्या फाडल्या एकदा, दार खराब दिसतं म्हणून. तिसऱ्या आठवड्यात काका नळ बंद असं म्हणाले आणि नळ बंद केला.

त्यांना आता आळशी कुणी म्हणत नाही. लेथवर ते परत जाणार नाहीत, हेही आम्हाला कळलं आहे. मूठ-कड-तळवा अजून तिसऱ्या फेरीला बिघडतं. या गणपतीला घरी गेलो तेव्हा काकू म्हणाली, मोटारीची चिठ्ठी त्यांनी स्वतः लिहिली, कुणी सांगितलं नव्हतं. मी खूश झालो. दुसऱ्या दिवशी टाकी पुन्हा वाहिली. बघतो तर चिठ्ठी काकांच्या शर्टाच्या खिशात, नीट घडी घालून. आम्ही दोघांनी मिळून ती स्विचच्या शेजारी चिकटवली.